विश्लेषण : पोर्क, सफरचंद आणि एकच तवा… पानझडीच्या ऋतूतील या जेवणामागे काय इतिहास, काय विज्ञान?

ऑक्टोबर उजाडला, झाडांची पाने पिवळी-तांबडी होऊ लागली, की युरोप-अमेरिकेतील घरांत एक ठरावीक बेत शिजू लागतो. बिडाच्या जाड तव्यात डुकराच्या मांसाचे चॉप्स, शेजारी कांद्याच्या जाड चकत्या, सफरचंदाच्या फोडी आणि वरून थोडा सफरचंदाचा रस. तासाभराच्या आत, एकाच भांड्यात, चार जणांचे जेवण तयार. मांसात गोड फळ घालायचे ही कल्पना अनेक मराठी स्वयंपाकघरांत विचित्र वाटते. पण ही जोडी कोणा शेफच्या डोक्यातून निघालेली नाही. तिच्यामागे शेतीचे वेळापत्रक आहे, आम्ल आणि चरबी यांचे साधे रसायन आहे आणि मांस किती शिजवावे याविषयीचा एक जुना वादही आहे. या वादाचे उत्तर अमेरिकेत एक आहे आणि भारतात ते जसेच्या तसे लागू पडत नाही. ते का, हे समजून घेणे चवीइतकेच आरोग्यासाठीही महत्त्वाचे आहे.

ही जोडी किती जुनी?

रोमन साम्राज्याच्या काळापासूनची. अ‍ॅपिसियस या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्राचीन रोमन पाककृतिसंग्रहात ‘मिनुताल मॅटियानम’ नावाचा पदार्थ आहे. त्यात डुकराच्या खांद्याचे शिजवलेले मांस चौकोनी तुकडे करून घेतात आणि त्यात ‘मॅटियन’ नावाच्या जातीची सफरचंदे घालतात. सोबत लीक, जिरे, धने, कोथिंबीर, पुदिना, मिरी, मध, व्हिनेगर आणि माशांपासून केलेला खारट रस. जिरे आणि कोथिंबीर वाचून मराठी वाचकाला हा पदार्थ एकदम परका वाटणार नाही. या कृतीतील एक सूचना आजही तितकीच खरी आहे. सफरचंदाचा गाभा काढून, बारीक चौकोनी तुकडे करून ते पदार्थ अर्धा शिजल्यावर घालायचे, सुरुवातीला नाही. मांस आणि फळ यांना शिजायला लागणारा वेळ वेगवेगळा असतो, हे त्या आचाऱ्यांना पक्के ठाऊक होते.

पुढे युरोपात जिथे जिथे सफरचंद पिकले, तिथे ही जोडी वेगवेगळ्या रूपांत दिसते. इंग्लंडमध्ये रोस्ट पोर्कबरोबर सफरचंदाचे आंबटगोड सॉस ठरलेलेच. फ्रान्सच्या नॉर्मंडी प्रांतात सफरचंद, साय आणि सफरचंदापासून गाळलेली ‘कॅल्व्हादोस’ ही ब्रँडी. डेन्मार्कमध्ये ‘एबलफ्लेस्क’ म्हणजे खारवलेल्या डुकराच्या पट्ट्या, कांदा आणि सफरचंद. जर्मनीच्या ऱ्हाइन नदीकाठच्या भागात ‘हिमेल उंड एर्डे’. या नावाचा अर्थ ‘आकाश आणि पृथ्वी’. झाडावरचे सफरचंद हे आकाश, जमिनीतला बटाटा ही पृथ्वी आणि सोबतीला डुकराच्या रक्ताचे सॉसेज. फ्रान्समधील तूर शहराच्या परिसरात सफरचंदाऐवजी प्रून, म्हणजे सुकवलेले आलुबुखार, डुकराच्या मांसात घालतात.

शरदातच का?

कारण पूर्वी दोन्ही गोष्टी एकाच वेळी हाती यायच्या. मध्ययुगीन युरोपात डुकरे शरद ऋतूत जंगलात सोडली जात. ओक आणि बीच या झाडांची फळे त्या वेळी जमिनीवर पडलेली असत आणि ती खाऊन डुकरे महिना-दीड महिन्यात धष्टपुष्ट होत. गावकऱ्यांच्या या हक्काला इंग्लंडमध्ये ‘पॅनेज’ म्हणत. तो इतका महत्त्वाचा होता, की १०८६ साली विल्यम राजाने करवून घेतलेल्या ‘डूम्सडे बुक’ या जमीन-मोजणीच्या दप्तरात अनेक ठिकाणी जंगलाचे मोल त्यात किती डुकरे चरू शकतात, यावरून नोंदवलेले आहे. इंग्लंडच्या ‘न्यू फॉरेस्ट’ भागात ही प्रथा आजही टिकून आहे. दर शरदात तिथे डुकरे मोकळी सोडतात. ओकची कच्ची फळे गाई-घोड्यांना विषारी ठरतात, डुकरे मात्र ती मजेत फस्त करतात. त्यामुळे डुकरांचे पोट भरते आणि इतर जनावरांचे रक्षणही होते.

हिवाळा आला, की चारा संपायचा. सगळी जनावरे थंडीभर पोसणे परवडायचे नाही. म्हणून नोव्हेंबरमध्ये कापणी व्हायची. ‘बीड’ या आठव्या शतकातील इंग्रज धर्मगुरूने नोंदवले आहे, की अँग्लो-सॅक्सन लोक नोव्हेंबरला ‘ब्लोटमोनाथ’, म्हणजे बळीचा महिना म्हणत. युरोपच्या बऱ्याच भागात ११ नोव्हेंबरचा संत मार्टिनचा दिवस हा डुक्कर कापण्याच्या हंगामाचा मुहूर्त मानला जाई. ‘प्रत्येक डुकराचा सान मार्तिन येतोच’ अशी म्हण स्पॅनिश भाषेत आजही आहे. आपल्याकडच्या ‘शंभर अपराध भरले’ या भावनेच्या जवळ जाणारी!

थंडीचा आणखी एक फायदा होता. शीतकपाट नसलेल्या काळात मांस खारवायला, धुरावायला गारवा लागे. मांड्या आणि पोटाच्या पट्ट्या मिठात जायच्या आणि वर्षभर पुरायच्या. पण पाठीचे मऊ मांस, बरगड्या, यकृत हे भाग ताजेच खाऊन संपवले जात. फळांचेही तसेच. चांगली सफरचंदे गवतात घालून हिवाळ्यासाठी ठेवली जात. झाडावरून पडून डाग लागलेली, आपटलेली फळे मात्र टिकत नसत. ती रस काढायला किंवा चुलीवर जात. म्हणजे ज्या गोष्टी टिकणार नाहीत, त्या एकत्र शिजवून खायच्या, असा हा काटकसरीचा बेत होता. आज शीतगृहांमुळे सफरचंद बारा महिने मिळते आणि पोर्कही. तरी सवय मात्र ऋतूला चिकटून राहिली.

चव जुळते ती कशामुळे?

डुकराच्या मांसाची चव सौम्य असते आणि तिच्यात गोडसर छटा असते. त्याची चरबी मऊ असते, लवकर वितळते आणि जिभेवर पसरते. ही चरबी कापायला आंबटपणा लागतो. सफरचंदात मॅलिक आम्ल असते. ते लिंबातल्या सायट्रिक आम्लासारखे झटकन बोचत नाही, रेंगाळते. त्यामुळे तेलकट घास जड वाटत नाही. सोलकढी जशी मसालेदार माशानंतर तोंड साफ करते, तेच काम इथे सफरचंद ताटातल्या ताटात करते.

फळातील साखर दुसरे काम करते. सफरचंदात फ्रुक्टोज या साखरेचे प्रमाण जास्त असते आणि ती इतर साखरांपेक्षा कमी तापमानाला तांबूस होते. गरम तव्यावर फोडीची कापलेली बाजू काही मिनिटांत खरपूस होते आणि तिला हलकी कडवट-गोड चव येते. फळातले पेक्टिन रसाला दाटपणा देते, त्यामुळे कॉर्नफ्लोअर किंवा मैदा लावावा लागत नाही.

मात्र सगळी सफरचंदे तव्यावर सारखी वागत नाहीत. इंग्लंडचे ‘ब्रॅमली’ हे सफरचंद इतके आंबट असते, की ते कच्चे क्वचितच खाल्ले जाते. शिजल्यावर ते विरघळून लगदा होते, म्हणून सॉससाठी उत्तम. या जातीचे मूळ झाड नॉटिंगहॅमशर परगण्यातील साउथवेल गावात १८०९ साली पेरलेल्या बीपासून वाढले. उलट ऑस्ट्रेलियात जन्मलेले हिरवे ‘ग्रॅनी स्मिथ’ आंबट असूनही फोड धरून ठेवते. भारतीय बाजारातही ते मिळते आणि तव्यासाठी ते सोयीचे. काश्मीर-हिमाचलची लाल सफरचंदे गोड असतात. ती वापरली तर व्हिनेगर किंवा लिंबू थोडे जास्त घालावे, नाहीतर पदार्थ मुरांब्यासारखा लागतो. पिठूळ झालेले, जुने सफरचंद टाळावे.

एकाच तव्याचा आग्रह कशासाठी?

भांडी कमी पडतात, हे खरे कारण आहेच. पण चवीचे कारण त्याहून मोठे आहे. मांस कोरड्या, तापलेल्या तव्यावर टाकले, की पृष्ठभागावरील प्रथिने आणि साखर यांची अभिक्रिया होऊन तो तपकिरी होतो. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई कामिय मायार यांनी १९१२ साली या अभिक्रियेचे वर्णन केले, म्हणून तिला ‘मायार अभिक्रिया’ म्हणतात. भाकरीला पडणारे डाग, भाजलेल्या शेंगदाण्याचा वास हेही तिचेच देणे. ती जोमाने व्हायला साधारण १४० अंश सेल्सिअसच्या वर तापमान लागते. पाणी मात्र १०० अंशांना उकळते. म्हणजे तव्यात पाणी सुटले, की मांस भाजले जात नाही, उकडले जाते.

यातूनच कामाचा क्रम ठरतो. आधी मांस कोरडे पुसून भाजायचे आणि बाजूला काढायचे. मग त्याच चरबीत कांदा, मग फळ. शेवटी रस किंवा व्हिनेगर ओतायचे. तव्याच्या तळाला चिकटलेला तपकिरी थर त्या रसात सुटतो. आमटीला फोडणीची जी जागा, तीच या सॉसला या थराची. वेगवेगळी भांडी वापरली, तर तो थर धुण्याच्या पाण्याबरोबर मोरीत जातो. सगळे जिन्नस एकदम टाकले, तर थर तयारच होत नाही. एका तव्याचे जेवण म्हणजे सगळे एकत्र शिजवणे नव्हे. एकामागून एक, एकाच जागी शिजवणे.

बिडाचा तवा उष्णता धरून ठेवतो, म्हणून इथे चालतो. पण एक पथ्य आहे. आंबट रसात बिडाच्या भांड्यात तासभर काही शिजवले, तर लोखंडाची चव उतरते आणि तव्याचा तेलाचा थरही खरवडला जातो. दहा-पंधरा मिनिटांच्या सॉसला हरकत नाही. लांब रटरटणाऱ्या पदार्थासाठी जाड बुडाचे स्टीलचे पातेले बरे.

मग चॉप कोरडे का होतात?

या पदार्थाची सगळ्यांत मोठी तक्रार हीच आहे आणि तिचे मूळ पशुपालनात आहे. एके काळी डुक्कर मांसाइतकेच चरबीसाठी पाळले जाई. लार्ड, म्हणजे डुकराची चरबी, हे स्वयंपाकाचे प्रमुख स्निग्ध द्रव्य होते. वनस्पती तेले स्वस्त झाली, चरबीची भीती वाढली आणि बाजाराला बारीक डुक्कर हवे झाले. अमेरिकेतील डुक्करपालकांनी १९८७ मध्ये पोर्कला चिकनच्या रांगेत बसवण्यासाठी ‘दुसरे पांढरे मांस’ अशी जाहिरात मोहीम सुरू केली. आज तिथले टेंडरलॉइन जवळजवळ त्वचा काढलेल्या कोंबडीच्या छातीइतके कमी चरबीचे असते. चरबी गेली तसे चुकीला माफ करण्याचे गुणही गेले. आजीच्या काळातले चॉप दहा मिनिटे जास्त शिजले तरी चालायचे; आजचे तेवढ्यात चामडे होते.

म्हणून कुठला भाग घेतला, हे आधी पाहावे लागते. पाठीचा भाग, म्हणजे लोइन आणि चॉप, यांत संयोजी ऊती कमी असतात. ते पटकन शिजवून पटकन उतरवायचे. खांद्याच्या मांसात कोलॅजेन भरपूर असते. ते विरघळून जिलेटिन व्हायला वेळ लागतो, म्हणून खांदा मंद आचेवर दीड-दोन तास शिजला तरच मऊ होतो. पहिल्याला मिनिटे लागतात, दुसऱ्याला तास. फळ घालायची वेळही त्यावरूनच ठरते. चॉपसोबत ताजे सफरचंद चालते. खांद्यासोबत सुकी फळे, जसे की प्रून किंवा जर्दाळू, शेवटच्या अर्ध्या तासात आणि ताजे सफरचंद शेवटच्या पंधरा मिनिटांत.

६३ अंश की ७१? वाद नेमका काय?

डुकराचे मांस आतून पांढरे होईपर्यंत शिजवावे, गुलाबी राहिले तर धोका, हा नियम पिढ्यान्‌पिढ्या सांगितला गेला. त्यामागे ‘ट्रिकिनेला’ नावाचा कृमी आहे. लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात १८३५ मध्ये जेम्स पॅजेट या वैद्यकीय विद्यार्थ्याने शवविच्छेदनात स्नायूंमध्ये बारीक कण पाहिले, तो हाच कृमी. डुकरांना कच्चा मांसाहारी उकिरडा खायला घातला जाई तोवर अमेरिका-युरोपात त्याचा प्रादुर्भाव मोठा होता. अमेरिकेने १९८० मध्ये कायदा करून डुकरांना न शिजवलेले खरकटे घालण्यावर बंदी आणली आणि बंदिस्त पालनामुळे हा आजार तिथे दुर्मीळ झाला. शिवाय ट्रिकिनेला ६० अंश सेल्सिअसच्या आतच मरतो.

या पार्श्वभूमीवर अमेरिकेच्या कृषी खात्याने २०११ मध्ये आपली शिफारस बदलली. पोर्कच्या अखंड तुकड्यांसाठी आधी ७१ अंश सेल्सिअस सांगितले जाई. ते ६३ अंश आणि त्यानंतर तीन मिनिटे विश्रांती असे करण्यात आले. खिम्यासाठी मात्र ७१ अंशच कायम राहिले, कारण वाटताना पृष्ठभागावरचे जंतू आतपर्यंत मिसळतात. ६३ अंशांना चॉप मध्यभागी किंचित गुलाबी आणि रसाळ राहतो. परदेशी पाककृतींत आज गुलाबी पोर्क दिसते ते यामुळे.

भारतात हा नियम का जपून वापरावा?

कारण इथला मुख्य धोका वेगळा आहे. ‘टिनिया सोलियम’ या पट्टकृमीची अळी डुकराच्या मांसात साबुदाण्यासारख्या पांढुरक्या फोडांच्या रूपात राहते. असे मांस अर्धकच्चे खाल्ले, तर माणसाच्या आतड्यात पट्टकृमी वाढतो. त्याची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात. ती अंडी दूषित पाणी, न धुतलेले हात किंवा कच्च्या भाज्या यांतून कोणाच्याही पोटात गेली, तर अळ्या रक्तावाटे मेंदूपर्यंत पोहोचू शकतात. या आजाराला न्यूरोसिस्टिसर्कोसिस म्हणतात आणि फिट येणे हे त्याचे प्रमुख लक्षण. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार, ज्या भागांत हा कृमी आढळतो तेथील अपस्माराच्या सुमारे ३० टक्के रुग्णांमागे हा आजार असतो. भारतही अशाच देशांत मोडतो.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. मेंदूतला आजार थेट डुकराचे मांस खाऊन होत नाही, तो अंड्यांमुळे होतो. म्हणूनच आयुष्यात मांस न चाखलेल्या शाकाहारी माणसालाही तो होऊ शकतो. अर्धकच्चे मांस खाणारा माणूस मात्र स्वतःच्या आतड्यात कृमी पोसतो आणि नकळत घरच्यांना, शेजाऱ्यांना धोक्यात घालतो. मांस नीट शिजवण्याचा प्रश्न म्हणूनच एकट्या खाणाऱ्यापुरता राहत नाही.

डुक्कर बंदिस्त गोठ्यात, तयार खाद्यावर वाढले आणि कत्तलखान्यात पशुवैद्यकाने तपासले, तर धोका खूप कमी होतो. उघड्यावर फिरणाऱ्या, उकिरड्यावर वाढलेल्या जनावराबाबत ती खात्री नसते. अशा वेळी गुलाबी चॉपचा हट्ट सोडून मांस आतपर्यंत पूर्ण शिजवणे, म्हणजे मध्यभागी ७१ अंश किंवा त्याहून अधिक नेणे, हेच शहाणपण. साबुदाण्यासारखे दाणे दिसले, तर ते मांस घेऊच नये. रंगावर विसंबू नये. मांस पांढरे दिसूनही आत कमी तापलेले असू शकते आणि पूर्ण शिजूनही गुलाबी राहू शकते. स्वयंपाकाचा साधा टोकदार थर्मामीटर हाच भरवशाचा. तो सर्वांत जाड भागाच्या मध्यभागी, हाडाला न लावता खुपसायचा. कच्च्या मांसाची सुरी आणि पाट धुतल्याशिवाय सफरचंद कापायला घेऊ नयेत.

७१ अंशांना चॉप कोरडा होणार, ही भीती खरी आहे. त्यावर उपाय मिठाच्या पाण्याचा. एक लिटर पाण्यात सुमारे ५० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात चॉप्स फ्रिजमध्ये अर्धा ते एक तास बुडवून ठेवायचे. मीठ स्नायूंतील प्रथिनांची रचना थोडी सैल करते, त्यामुळे शिजताना पाणी कमी सुटते. उरलेली कमतरता फळाचा रस भरून काढतो. दुसरा उपाय त्याहून सोपा आहे, तो म्हणजे खांद्याचे मांस घेणे. ते मऊ होईपर्यंत शिजते तेव्हा ९० अंशांच्या आसपास पोहोचलेले असते, त्यामुळे सुरक्षितता आणि चव यांत भांडणच उरत नाही.

प्रत्यक्षात कसे करायचे?

चार जणांसाठी अडीच सेंटिमीटर जाडीचे, हाडासकट चार चॉप्स, दोन मोठे कांदे आणि घट्ट, आंबट तीन सफरचंदे घ्यावीत. मिठाच्या पाण्यातून काढलेले चॉप्स कोरडे पुसून मिरपूड लावावी. वेगळे मीठ नको. तवा चांगला तापल्यावर चमचाभर तेलात दोन्ही बाजू तीन-चार मिनिटे, मध्ये न हलवता, भाजून ताटलीत काढावे. चरबीची कड तव्यावर उभी धरून भाजली, तर तूप सुटल्यासारखी चरबी सुटते आणि तीच पुढच्या कामी येते.

आच मध्यम करून कांद्याच्या जाड चकत्या पाच-सात मिनिटे परताव्यात. मग सालीसकट सफरचंदाच्या जाड फोडी, कापलेली बाजू तव्याला लावून, तीन मिनिटे ठेवाव्यात. त्यावर एक वाटीभर सफरचंदाचा बिनसाखरेचा रस, चमचाभर व्हिनेगर आणि अर्धा चमचा मोहरीची पेस्ट घालून तळ उलथन्याने खरवडावा. परदेशी पाककृतीत ‘सायडर’ लिहिले असेल, तर देश पाहावा. अमेरिकेत सायडर म्हणजे सहसा न गाळलेला, मद्यविरहित रस. ब्रिटनमध्ये तेच मद्य असते. रस थोडा आटला, की चॉप्स आणि ताटलीत साठलेला रस परत घालून, हव्या त्या तापमानाला येईपर्यंत झाकण ठेवून शिजवावे. युरोपात यात सेज किंवा थाइमची पाने पडतात. ती नसली तरी अडत नाही.

खांद्याच्या मांसासाठी प्रेशर कुकरच ‘एक भांडे’ होऊ शकतो. तुकडे कुकरमध्येच थोडे थोडे भाजून घ्यावेत, कांदा परतावा, जरासे पाणी घालून मांस मऊ होईपर्यंत शिट्ट्या काढाव्यात. फळ मात्र कुकर उघडल्यावरच घालावे आणि झाकण न लावता शिजवावे. आधी घातले तर शिट्टीबरोबर त्याचा लगदा होतो.

दुसरी फळे चालतील का?

पेअर, आलुबुखार, अंजीर, द्राक्षे, डाळिंब ही सगळी चालतात. पेअर कमी आंबट असल्याने त्याला लिंबाची जोड लागते. अननस, कच्ची पपई आणि ताजे अंजीर यांबाबत सावध राहावे. यांत प्रथिने तोडणारी विकरे असतात. कबाबाला कच्ची पपई लावतात ती याचसाठी. पण तासन्‌तास भिजवले, तर मांस मऊ न होता पिठूळ होते. ही विकरे उष्णतेने निकामी होतात, म्हणून शिजवलेल्या किंवा डबाबंद अननसाने हा त्रास होत नाही.

आपल्याकडे अशी परंपरा आहे का?

आहे, फक्त फळ गोड नाही. गोव्यातील ख्रिस्ती घरांत डुकराच्या मांसात कोकमाची सोले घालून ‘सोलांतुले’ करतात. विंदालूचे मूळ पोर्तुगीजांच्या द्राक्षमद्य आणि लसणात मुरवलेल्या मांसात आहे. गोव्यात त्या मद्याची जागा माडाच्या व्हिनेगरने घेतली. कर्नाटकातील कोडगूत पंदी करीला काळसर, दाट ‘कचमपुळी’ लागते. ती कोकमाच्याच कुळातील एका फळाच्या रसापासून करतात. पाऊस ओसरताना, सप्टेंबरच्या सुरुवातीला येणाऱ्या ‘कैलपोळ्द’ या शस्त्रपूजनाच्या सणाला ही करी हवीच. आसाममध्ये ‘औ टेंगा’ हे आंबट फळ डुकराच्या मांसात पडते.

कोकण किनारा असो वा नॉर्मंडी, चरबीला आंबट फळाची साथ हे सूत्र एकच राहिले. फरक हवामानाने पाडला. थंड देशांत फळ आणि मांस एकाच हंगामात ताजे मिळाले, म्हणून ते एका तव्यात आले. इथे कोकम उन्हाळ्यात पिकते आणि सुकवून वर्षभर वापरले जाते, म्हणून ऋतूचे बंधन उरले नाही. आपल्याकडील हे पदार्थ तासभर रटरटत शिजतात, ही बाबही लक्षात घेण्यासारखी आहे. जिथे मांसाची खात्री नव्हती, तिथे सोलांतुले आणि पंदी करीच्या मंद आचेने चवीसोबत जिवाचीही काळजी घेतली. सफरचंदाचा तवा मराठी घरात येणार असेल, तर त्याच्यासोबत हे पथ्यही यायला हवे.